मिया मोजा

मिरजेच्या चर्चमध्ये कापणीचा सण.
उपासना संपली की लिलाव.
पायरीवर दाऊद मास्तर, हातात लाटणं;
हातोडी कुणीतरी नेली, ती परत आली नाही.

हळकुंडांची परडी गेली. द्राक्षांची पेटी गेली.
केरूबाईंचा तुरेवाला कोंबडा दोनदा विकला गेला,
कारण घेणाऱ्यानं तिथल्या तिथं
तो पुन्हा देवाला दिला.
मग आला पायलीभर पांढरा मका,
जतच्या शिंग्यांनी पिशवीत बांधून आणलेला.
"पन्नास," मास्तर स्वतःच म्हणाले,
आणि वाट पाहत राहिले.

मी मागं, लिंबाच्या सावलीत.
मला इथं आफ्रिकेच्या बाई म्हणतात.
चौदा वर्षं दोदोमाच्या दवाखान्यात
काचपट्टीवर मलेरिया शोधला,
आणि परतले तेव्हा माझ्याच गल्लीत
शाळकरी पोरं मला वाट सांगू लागली.
तिथलं कुणी काही विचारत नाही.
विचारलंच तर, सिंह पाहिला का?

"मिया मोजा!"

पोरी हसून वाकल्या. कुणी म्हणालं,
मोजा काय, पायलीच आहे,
मोजलेलीच आहे की.
मास्तरांचं लाटणं वरच राहिलं.
खांबाशी नर्सिंगच्या पांढऱ्या कपड्यातली मुलगी,
तोंडावर हात,
डोक्यावर बारीक वेण्या, नांगरटीच्या तासांसारख्या.
घाईत तिचा आकडा
तिच्या भाषेतूनच बाहेर पडला होता.
शंभर.

आणि माझ्या तोंडून, मी बोलावलं नसताना,
"मिया म्बिली."

तिनं हात खाली घेतला.
आधी माझ्याकडं नाही, माझ्या मागं पाहिलं,
तिथं कुणी उभं असेल म्हणून.
मग हळूच, पाण्यात पाय घालून बघावा तशी,
"मिया ताटू?"
"मिया न्ने," मी.
"बायांनो, मराठीत बोला," मास्तर कावले,
"मला हिशेब लिहायचाय!"
"हेसाबू," ती म्हणाली. तेवढा शब्द तिला कळला.

चारशे रुपयांना पायलीभर मका,
जो आमच्याकडं कोंबड्यांना टाकतात.
चर्चमध्ये अजून त्यावर बोलणं होतं.

रेहेमा माझेंगो. गाव म्प्वाप्वा.
पाळकांनी नोंदवहीत तीनदा खोडलं.
मी दोनदा गेले होते त्या गावाला, बसनं,
मांडीवर नमुन्यांची पेटी घेऊन.
स्टँडसमोर एक आंब्याचं झाड होतं, मी म्हणाले.
आहे, ती म्हणाली. आणि गप्प झाली.

पिशवीचा एकेक कान धरून आम्ही निघालो.
सतारमेकरांच्या गल्लीत
वाळत टांगलेले भोपळे पाहून ती थांबली.
"यात दूध ठेवता?"
"नाही गं. सूर."
ती इतकी हसली की आतला कारागीर बाहेर आला.

तिथंच माझ्या चपलेचा अंगठा तुटला.

"पोले," ती म्हणाली.

याला मराठीत काय म्हणावं, मला सापडलेलं नाही.
माफ करा नव्हे; तिची चूक कुठं होती?
अरेरे नव्हे, ते लांबून म्हणतात.
शिंकलात, ठेचकाळलात, ओझं उचललंत,
कुणाला पुरून आलात, तरी हेच:
तुमचं जड आहे, मला दिसतंय.
दोदोमाला, ह्यांना मातीत ठेवलं त्या दिवशी
कोळसेवाल्यापासून बिशपांपर्यंत सगळ्यांनी
एवढंच म्हटलं, आणि बसून राहिले.
इथं आले तर जो तो सांगायला लागला
देवाची योजना.

तुटका अंगठा हातात घेऊन मी उभी.
नऊ वर्षं झाली होती.

रेहेमानं मका डोक्यावर ठेवला,
हात न लावता तोल धरला,
पायातली जोडी काढून माझ्यापुढं सरकवली.
"माझा चप्पल घाला," ती म्हणाली.

मी दुरुस्त केलं नाही.
तिचा चप्पल घातला.
दोन बोटं मोठा होता.