मार्जिन

सिगारेट? नाही.
दारू? नाही.
रक्त पातळ करायच्या गोळ्या, साखर, दमा?
मुलुंडच्या त्या थंडगार खोलीत मी भराभर नाही म्हणत गेले
आणि दुसऱ्या दिवशी सकाळी
डबीत बोट घातलं तेव्हा आठवलं:
मिश्री.

फोन केला. डॉक्टर केंकरे हसल्या नाहीत.
म्हणाल्या, तंबाखू धुरातून गेली काय, हिरड्यांतून गेली काय,
कातडीच्या कडेला रक्त पोचत नाही,
टाक्यांची कड काळी पडते.
दीड महिना पूर्ण बंद. मग तारीख.
डबी मी मशीनच्या खणात ठेवली, बॉबिनांच्या खाली,
आणि बावीस दिवस रोज उठून बॉबिन शोधली.

भांडुपला व्हिलेज रोडवर माझं दुकान, आठ बाय सहा.
सतरा वर्षं बायकांना टेप लावतेय.
टेप लागला की प्रत्येक बाई श्वास आत घेते.
मी बोट सरकवते, वहीत आकडा वाढवून लिहिते,
तोंडानं कमी सांगते.
डॉक्टरांनी असलं काही केलं नाही.
कापडाचा पोत बघावा तसं चिमटीत धरलं माझं पोट:
ही नुसती चरबी नाही.
जुळ्यांच्या वेळी मधले स्नायू फाकलेत, चार बोटं,
ते उपासानं जवळ येणार नाहीत.
पण वजन उतरवायचं हे ऑपरेशन नव्हे.
ते आधी तुम्ही उतरवा, सहा महिने तिथंच ठेवून दाखवा.

वण एका खुब्यापासून दुसऱ्यापर्यंत,
निऱ्या खोचतो त्याच्या खाली. फिका होईल, जाणार नाही.
बेंबी नव्यानं बसवायची
(काज, मी मनात म्हटलं).
तिच्याखाली कित्येक महिने हात लावला तर
हात दुसऱ्याच कुणाला लागल्यासारखा.
दोन नळ्या, दोन बाटल्या, किती पाणी साठलं ते रोज लिहायचं.
आठवडाभर वाकून चालायचं, पण
चालायचं, पहिल्याच संध्याकाळी,
पोटरीत धरलेली गाठ छातीपर्यंत जाते.
हे सांगताना त्यांनी पेन खाली ठेवलं.

मशीन?
सहा आठवडे नाही.
म्हणून अधिक महिना धरला. लग्नं नाहीत, ब्लाउज नाहीत,
फॉल-पिको रुक्साना बघेल.
पैसे भिशीचे. मेडिक्लेमवाला म्हणाला, हौसेला क्लेम नसतो.
नवरा म्हणाला, आता कोण बघणार आहे?
मी. आंघोळ करताना.
तो पेपरात शिरला.

शेवटच्या भेटीत मी माझा प्रश्न काढला.
आम्ही शिवणीत आत दीड इंच ठेवतो, मार्जिन.
उद्या बाई सुटली तर उसवून देता येतं.
तुम्ही ठेवता का?
डॉक्टर खुर्चीत मागं टेकल्या.
नाही, म्हणाल्या. म्हणून तर विचारलं, आणखी मूल नको ना.
म्हणून तर वजन.
आणि उरलेलं कापड?
पिवळ्या पिशवीत जातं. जाळतात.
मी आजवर एक चिंधी फेकली नाही. उशा भरल्या, गोधड्या झाल्या.
एवढ्या कागदांवर सह्या घेतल्या, त्यात
ह्यासाठी रकाना नव्हता.

आज सकाळी सात. घोटभर पाणीसुद्धा नाही.
गाऊन वर धरून मी उभी,
डॉक्टर स्टुलावर बसून जांभळ्या पेननं आखतायत.
आडवं करून आखत नाहीत,
कापड लोंबतं कसं ते आधी बघावं लागतं,
एवढं मला कुणी शिकवायला नको.
समोर आरसा.
डॉक्टर, मी म्हटलं, डावीकडं दोन सूत वर आहे.
नर्स माझ्याकडं बघायला लागली.
डॉक्टरांनी स्टूल मागं सरकवलं, एक डोळा बारीक केला,
स्पिरिटचा बोळा मागितला
आणि ती रेघ पुसली.