पंचेचाळीस अंशांवर

सरळ वर जाणं सोपं.
चार रोटर आकाशाकडे तोंड करून घोंगावतात
आणि ड्रोन वर येतो, विहिरीतल्या बादलीसारखा.
पंखांवर तरंगत जाणंही सोपं,
एकदा वेग आला की हवाच उचलून धरते.
मला पगार मिळतो तो मधल्या अकरा सेकंदांचा.

तेव्हा रोटर नव्वद अंशांवरून पुढे झुकू लागलेले असतात
आणि पंख अजून पुरते जागे झालेले नसतात.
सेकंदाला सतरा मीटर, तेव्हा कुठे पंख सगळं ओझं घेतात.
बाराला निम्मंच.
उरलेलं निम्मं कोणाच्या खांद्यावर,
हा प्रश्न मी डान्यालच्या तक्त्यावर
लाल पेनने तीनदा लिहिला.
घाईने झुकलं, तर पंखावरची हवा सुटते.
रेंगाळलं, तर बॅटरी आटते,
आणि खाली उत्तरेचा समुद्र, काळा, पाच अंशांचा,
तो कोणालाच दुसरी संधी देत नाही.

मार्चमध्ये पहिला ड्रोन पडला.
हॉग्नीच्या कुरणात, मेंढ्यांपासून वीस पावलांवर,
पोटातल्या डब्यात क्लाक्सविकच्या इस्पितळासाठी
रक्ताच्या सहा नळ्या.
नोंदी तपासल्या. कोन बरोबर. उंची बरोबर. मोटारी बरोबर.
जागा माझी होती.
मीच बदलाची रेघ कड्याच्या आडोशाला आखली होती,
तिथे वारा कमी असेल म्हणून.
कड्याआड वारा कमी नसतो,
तो कडा ओलांडून तिथे कोसळतो.
हॉग्नीने तुटका पंख माझ्या हातात दिला.
"मेंढ्यासुद्धा तिथे बसत नाहीत, रान्व्हा," एवढंच बोलला.

त्या रात्री वडिलांकडे जेवले.
चाळीस वर्षं ते स्विनॉयच्या धक्क्याला बोट लावत आले.
तिथे बोट बांधता येत नाही, लाट येऊ देत नाही;
माणूस उडी मारूनच उतरतो.
मी त्यांना अंश आणि सेकंद सांगत बसले.
ते माशाचे काटे ताटाच्या कडेला लावत म्हणाले,
"लाट वर आली की मी ओरडायचो, आत्ता!
ज्याला जमलं तो धक्क्यावर.
ज्याला नाही जमलं त्याने बोटीतच बसायचं,
पुढच्या लाटेची वाट बघत.
बुडाले ते दोन डगरींवर पाय ठेवणारे."

सकाळी सगळी योजना खोडली.
बदल आता उघड्या पाण्यावर, वाऱ्याला तोंड देऊन,
नव्वद मीटरच्या वर. खाली नाही म्हणजे नाही.
वेग जमिनीशी नाही, हवेशी मोजायचा.
अकराव्या सेकंदाला सतरा नसतील
तर रोटर मुकाट्याने पुन्हा उभे करायचे,
लाज न बाळगता, तिथल्या तिथे.
परतीची ऊर्जा वेगळी बांधून ठेवलेली,
लग्नघरातल्या आहेरासारखी, हात न लावता.
डान्याल म्हणाला, फारच भित्री योजना.
मी म्हटलं, छापून भिंतीवर लाव.

जूनमध्ये पडद्यावर आकडे चढताना पाहिले,
नऊ, अकरा, तेरा,
मग तेरावरच अडकले.
कोन पंचेचाळीस.
खोलीत कुणी खुर्चीही सरकवली नाही.
अकरावा सेकंद आला, आणि ड्रोनने माघार घेतली.
रोटर उभे. हवेत थांबला. जरासा डुलला.
मला इतकं हायसं वाटलं
की दुसऱ्या खेपेला तो सतरावर पोचला,
ते बघायचं राहूनच गेलं.

स्विनॉयला सुन्व्हरबाईंना औषध मिळालं.
वय ब्याऐंशी. त्यांनी फोन केला,
आभार मानायला नव्हे.
"रिकामा परत चाललाय का तो?
रुबार्बचा मुरंबा केलाय. एकच बरणी.
माझ्या भाचीला देता का?"

बरणी किती ग्रॅमची, मी विचारलं.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्याचा आवाज आला.
तीनशे चाळीस.
मी तक्ता पुन्हा उघडला.
सतराचे सतरा पूर्णांक तीन झाले.
डान्यालला म्हटलं, लाल पेन दे.