दुसऱ्या बाजूचा खोकला

टेप माझ्या हाती आली तेव्हा
तिला व्हिनेगरचा वास येत होता.
डब्यावर पेन्सिलीनं: लँटर्न क्लब, पिट्सबर्ग, फेब्रुवारी त्रेसष्ट.
खाली दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात,
खोली गरम ठेवा, माणसं गारठतात.

कंपनीला स्वच्छ प्रत हवी होती.
मी स्वच्छतेचेच पैसे घेते.
सव्वीस वर्षं हेच,
तांदळातले खडे वेचावेत तशी खरखर वेचायची,
फक्त ताटाच्या जागी पडदा.

पहिल्या दिवशी सुईसारखी बारीक कुरकुर काढली,
दुसऱ्या दिवशी गल्ल्याची घंटा, एक फुटलेला ग्लास,
आणि तिसऱ्या दिवशी पोचले त्या संथ रचनेपाशी,
जिथे आल्वा प्रुइट सॅक्सोफोन ओठांपासून दूर करतो
आणि काहीच वाजवत नाही.
चार मात्रा.
बास थांबलेला, ड्रमवरचे ब्रशही कातड्यावर निजलेले.
आणि तिथे, ऐन तिथे,
कुणीतरी खोकतं.
कोरडा, तळातून आलेला,
भट्टीपुढे उभं राहणाऱ्या माणसाचा खोकला.

मी तो निवडला. पुसला.
मागे जी शांतता उरली
ती इतकी देखणी होती
की मी उठून स्वतःसाठी कॉफी केली.

मग पत्रं यायला लागली.

होमस्टेडहून लव्हिनिया टिबल्स, वय ब्याण्णव:
'तो माझा क्लीओफस.
रात्रपाळी बुडवून आला होता, अर्धा पगार गेला.
त्याचं घड्याळ आहे माझ्याकडे, टोपी आहे,
आवाज एवढाच होता.
रविवारी चर्चहून आलो की ती बाजू लावायचो,
नातवंडं श्वास धरून बसायची
आणि तो खोकला की म्हणायची, गुड मॉर्निंग, आजोबा.'

क्लीव्हलंडहून हर्शेल गेन्स, निवृत्त बसचालक:
'माझा भाऊ वेल्डन. एकोणीस वर्षांचा.
मी शेजारीच होतो, त्याला कोपरानं ढोसलं होतं मी.
वर्षभरानं तो लष्करात गेला.
पुढचं लिहीत नाही.'

डुलूथचे एक संगीत शिक्षक,
जे त्या रात्री जन्मलेलेही नव्हते:
'बाई, मी मुलांना ही जागा शिकवतो.
चार मात्रा थांबायचं, तिसरीवर खोकायचं.
आता नवी मुलं विचारतात, सर, कशाला?'

पत्रं मी खोक्यात ठेवली.
खोकं टेबलाखाली.
पायाला लागत राहिलं.

शेवटी फोन आला लीमन ओट्सचा,
त्या रात्री ड्रमवर होता तो.
बोलताना मध्येमध्ये झोप लागल्यासारखा थांबायचा.
'विराम?' तो म्हणाला, 'कसला विराम, पोरी.
आल्वा विसरला होता.
पुढचं काही सुचेना त्याला,
मी पाहिला ना त्याचा चेहरा, बुडणाऱ्याचा.
मग कुणीतरी खोकलं.
त्यानंतरची ती ओळ ऐक,
खालून खरवडत वर येते ती.
कुठून घेतलीय कळतंय का तुला?'

रात्री मी माझी स्वच्छ प्रत लावली.
चार मात्रा, देखणी शांतता,
आणि मग सॅक्सोफोन उत्तर देतो.
न विचारलेल्या प्रश्नाला.
भर दिवाणखान्यात एकट्यानं बोलणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

कंपनी म्हणते, तक्रारी थोड्या आहेत.
खरंय. माणसंही थोडीच उरलीत.

मूळ टेप परत करायची तारीख उलटून गेली आहे.
शनिवारी मिसेस टिबल्स येताहेत, दोन बस बदलून,
सोबत पणती आहे.
गेन्सही येतो म्हणाला, त्याच वेळी.
दोघांना एकमेकांबद्दल
मी काही सांगितलेलं नाही.
खुर्च्या लावल्यात, शेजारीशेजारी.
सकाळपासून
खोली गरम ठेवली आहे.