मॅजेंटा, उणे सहा

पेठेकाकांनी पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला
आणि नेहमीसारखं म्हणाले,
गुलाबी जरा वाढव.

पहाटे चारला उठून, गुडघ्यांना पट्टे बांधून,
तळ्याच्या कडेला दीड तास पालथे पडून
त्यांनी आणलेले रोहित
माझ्या स्क्रीनवर पाण्यात उभे होते
आणि काकांना ते फिके वाटत होते.

वाढवला. दोन. चार.
अजून, म्हणाले.
लग्नातल्या फेट्यासारखा झाला तेव्हा थांबले.
मग डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं:
ही तीन करडी काढून टाक. आणि तो विजेचा टॉवर.

टॉवर सोपा असतो.
शेजारचं थोडं आभाळ उचलायचं, वर डकवायचं.
करड्यांना मात्र पाय होते,
पायांना पाण्यात पडछाया,
आणि त्या पडछायेत दुसऱ्याच कुणाची चोच.

अकरा वर्षं नेरुळच्या या गाळ्यात
मी लोकांची पाखरं छापते.
मान वळवलेला खंड्या,
येऊरचा स्वर्गीय नर्तक, शेपूट फ्रेमबाहेर गेलेला,
पंख वाळत घालून बसलेला पाणकावळा.
सीवूड्स ते सानपाडा
कुणाच्या सोफ्यावर कोण टांगलंय, झोपेत सांगेन.
तळं मात्र रिक्षाचं मीटर पडायच्या आत येतं
आणि मी एकदाही गेले नव्हते.

रविवारी गेले.
पर्समध्ये चाचणीच्या सात पट्ट्या,
मागे पेन्सिलीनं आकडे.
तिपायांमागे माणसं वाकलेली, कुणी खोकतही नव्हतं.
मी हात लांब करून एकेक पट्टी पक्ष्यांवर धरली,
एक डोळा मिटून,
ब्लाउजपीसला दोरा लावून बघावा तशी.

अधिक चार: खोटं.
शून्य: जवळपास.
उणे सहा धरली
आणि पट्टीची कड सापडेना.

तो गुलाबी नव्हताच तसा.
नारळाच्या दुधात आगळाचा पहिला थेंब पडतो
आणि आपण अजून ढवळलेलं नसतं,
तेवढाच.
खरा लाल पंखाखाली, घडी घालून ठेवलेला.

करावे गावातली एक बाई
चिंबोऱ्यांची टोपली कमरेला लावून मागे उभी होती.
कागुद कशाला दाखवतंस गो त्यांना?
मला उत्तर सुचलं नाही.

करडी होती तिथे, तीन नाही, वीसेक.
मोठ्यांच्या मागोमाग डोकं उलटं घालून चिखल गाळत होती,
कधी नुसतंच पाणी.
शेजारचा कॉलेजातला मुलगा कुजबुजला,
रंग जन्माचा नसतो, ताई, खाऊन खाऊन चढतो.
म्हणजे हाच चिखल. टॉवरखालचा.

मग काहीतरी झालं, भरती असेल, कुत्रं असेल,
आणि सगळं तळं एकदम उठलं.
घड्या उलगडल्या.
शटर तडतडले, पोहे तळावेत तसे.

त्या गर्दीत मला पेठेकाका दिसले.
कॅमेरा छातीवर पालथा,
तोंड उघडं,
एकही फोटो काढत नव्हते.
मी हाक मारली नाही.

सोमवारी दोन प्रिंट काढल्या.
एक त्यांनी सांगितलेली.
एक उणे सहा, मॅट कागदावर,
करड्यांसकट, टॉवरसकट.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
हा कुणी काढलाय?
तुम्हीच.
बराच वेळ वाकून बघत राहिले,
ओठ हलत होते, बहुधा करडी मोजत होते.
फेट्याच्या रंगाचा घेऊन गेले, खारघरच्या सुनेसाठी.
दुसऱ्याचेही पैसे दिले, म्हणाले,
इथेच असू दे, मी येत जाईन.

येतात. गुरुवारी, बँकेतून परतताना.
माउंट कापून झालाय.
फ्रेमचा रंग अजून आमचा ठरत नाही.