निळा डबा

डॉक्टरीण म्हणाली, घरात ते काय काय घेतात
ते सगळं आणा.
सगळं म्हणजे सगळं.

म्हणून पहाटेच्या पहिल्या फेरीने मी चोडणला परतले
आणि फडताळावरचा बिस्किटांचा निळा डबा
पिशवीत न घालता, तसाच काखेत मारून
पुन्हा रायबंदरकडे निघाले.

रॅम्पवर दोर सांभाळणारा पोरगा,
बाबांच्याच हाताखाली शिकलेला,
म्हणाला, "सगुणबाब कसो आसा?"
म्हटलं, लघवी झाली थोडी.
त्याचा चेहरा एकदम उजळला.
भोवतालच्या स्कूटरवाल्यांना काय कळणार
ही केवढी बातमी होती ते.

सत्तावीस वर्षं बाबांनी या रॅम्पवर उड्या मारल्या.
गुडघे तिथेच गेले, थोडे थोडे,
ओहोटीला जास्त.
निवृत्तीनंतर फार्मसीत जाऊन फक्त म्हणायचे, "तें हळदुवें."
आतला मुलगा मान वर न करता
कात्रीने पट्टी कापायचा.
सकाळी एक, रात्री एक.
जत्रेला चालायचं असलं की आणखी एक, वरून.
डॉक्टरकडे जायला अख्खा दिवस मोडतो,
गोळीला घोटभर पाणी पुरतं.

मग परवा चपला पायात शिरेनात.
आईने त्यांच्या घोट्यावर बोट दाबलं, उचललं,
खड्डा तसाच राहिला.
ती बघत बसली, भरतोय का.
दीड दिवस संडासच्या कडीचा आवाज नव्हता आला,
हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

रात्री अॅम्ब्युलन्स फेरीवर चढली.
आयुष्यभर ज्यांनी गाड्या चढवल्या
ते आज गाडीत आडवे,
तोंडावर मास्क.
मध्य नदीत मास्क बाजूला सारून म्हणाले,
"इंजीन बरें वाजना. कोणाक तरी सांग."

बांबोळीला, सलाईनच्या खांबाशेजारी,
डॉक्टरिणीने ट्रेवर डबा पालथा केला.
चार वर्षांपूर्वी गेलेल्या आत्याच्या प्रेशरच्या गोळ्या
("फुकट कशाला घालवायच्या").
पावलूने कुवेतहून आणलेली पाकिटं, वरती अरबी,
एकदा आईने ती उलटी धरून वाचायचा प्रयत्न केला होता.
माझ्या टॉन्सिलच्या कोर्समधल्या उरलेल्या पाच.
टायगरच्या जंताच्या दोन, कुत्रा कधीचा मेला.
आणि हळदुव्या, हळदुव्या, हळदुव्या.

ती पेनाच्या टोकाने एकेक बाजूला सारत होती,
खुब्यातून मांस काढावं तशी, न बोलता.

तळाशी रबर लावलेली एक पट्टी.
वर चिठ्ठी.
*बाबा, माझ्या कंबरेला ही लागू पडली.
त्या पिवळीबरोबर घेतली तरी चालेल.
जेवणानंतर घ्या.*

अक्षर माझं होतं.
'जेवणानंतर'खाली मी रेघसुद्धा मारली होती.

"ही कुणी दिली?"
आई खिडकीबाहेर बघायला लागली,
तिथे फक्त पार्किंग होतं.
मी म्हटलं, मी.
डॉक्टरिणीने लिहून घेतलं,
आत्याच्या गोळ्यांची नोंद केली तशीच,
त्याच शाईने, पुढच्या ओळीत.
ओरडली असती तर बरं झालं असतं.

दोनदा डायलिसिस झालं.
क्रिएटिनिन साडेसहावरून दोनवर आलं,
तिथेच रेंगाळलंय.
आम्ही तो आकडा विचारतो
जसे लोक पूर्वी नदीचं पाणी विचारायचे.

आज घरी नेतोय.
फेरीत बाबा कठड्याला धरून उभे, बसा म्हटलं तर ऐकत नाहीत.
गुडघा चोळतात. मग हळूच विचारतात,
"डबो खंय?"
डॉक्टरिणीने ठेवून घेतला, मी सांगते.
डबा माझ्या पायाशी, पिशवीत, रिकामा.

रिकामा, पण माझ्या पर्सच्या चेनवाल्या कप्प्यात
त्यातल्या दोन अजून आहेत.
तीन रात्री बाकावर काढल्या, कंबर फुटतेय.
बोटं आत जातात, पट्टीची कड लागते.
नदीत टाकाव्या, तर खाली मासे.
परत ठेवाव्या, तर मी.

रॅम्प चोडणच्या धक्क्याला घासतो.
पोरगा दोर टाकतो.
बाबा आधी त्याचा हात बघतात, मग त्याची गाठ,
आणि मान हलवतात, नाही,
अशी नाही.