शून्यापासून दूर

मे महिना. हिंगणा एमआयडीसी. दुपारचे सव्वातीन.
शेडच्या छताचा आराखडा स्क्रीनवर
अर्धा उमटून थांबलेला.
काचेपलीकडून निमजे साहेब हात उडवतात,
‘काऊन लटकून राहिलं आता?’

कालपासून सतरा वेळा बंद पडलं.
वहीच्या मागच्या पानावर रेघा आहेत, दुधाच्या हिशेबासारख्या.
अकराव्या वेळी सेव्ह केलं नव्हतं,
त्या रेघेवर पेन जरा जोरात दाबलं गेलंय.

अफरोज आला. डबा उघडून
पंख्यावरची चार उन्हाळ्यांची धूळ झाडली.
ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला,
नवा काढून परत जुनाच टाकला.
‘मशीन बरोबर आहे ताई, फाइलीतच काहीतरी बसलंय.’
अंगात बसतं, तसं म्हणाला.

मग फाइल घेतली तांदळासारखी निवडायला.
न वापरलेले ब्लॉक गेले.
एकाच भिंतीच्या एकावर एक एकोणीस रेषा,
एक ठेवली.
विटांचं बारीक हॅच काढलं, कोण मोजणार होतं?
तपासणीत चारशे बारा चुका निघाल्या
आणि दुरुस्तही झाल्या,
एकही कोणाची, ते न सांगता.
तरी लटकतच होतं.

शेवटी म्हटलं, असेल नसेल ते सगळं दाखव.
शेडचा ठिपका झाला.
आणि खूप लांब, पार दुसऱ्या कोपऱ्यात, आणखी एक ठिपका.
जवळ गेले. रेषा थरथरत होत्या.
शून्यापासून फार दूर गेलं की आकडे डगमगतात;
शून्य मैलाच्या गावात राहून हे मला उशिरा सुचलं.

घर होतं.
दोन खोल्या, ओटा, मागे कडुनिंब, वरून दिसतो तसा.
खिडकीत कूलरची चौकट, चोवीस बाय चोवीस, मापासकट.
लेयरचं नाव: हेडाऊ_घर.

या खुर्चीत हेडाऊ काका बसायचे.
सुट्टीत एका हाताने डबा खात, दुसरा माउसवर.
आम्हाला वाटे, पत्ते खेळतात.
रिटायर झाले तेव्हाही पाचपावलीत भाड्यानेच होते.

दोन खोल्यांनी फाइल जड होत नाही. अंतराने होते.

‘झालं का?’ साहेब.
‘हाव, होऊन राहिलं.’
घर उचललं, नव्या फाइलीत शून्यावर ठेवलं.
रेषा थरथरायच्या थांबल्या.
मग इथलं पुसलं.
छत सरसर उमटत गेलं, शेवटच्या नटबोल्टपर्यंत.

ए-थ्रीवर बसेल ते घर, एकास पन्नास.
काकांचा नंबर आहे माझ्याकडे, लागतो की नाही माहीत नाही.
कूलर कोरडा वाजतोय.
आधी पाणी भरते.