सोळा छटा

नाम दिन्हच्या बाजारात, सायकलवाल्याच्या डोक्यावर
माझा दवाखाना. खुर्ची एकच.
तरी त्या सकाळी दोघी एकदमच आत आल्या:
क्विन्ह, जिचं लग्न बारा दिवसांवर,
आणि तिची पणजी, न्हामबाई.
"दोघींचंही दातांचंच आहे," क्विन्ह म्हणाली,
जणू माझ्याकडे कुणी गुडघे घेऊन येतं.

मी तिच्यासमोर छटांची पट्टी धरली.
तारेवर टांगलेले सोळा दात, सोळाही पांढरे:
एक खडूसारखा, एक ओल्या तांदळासारखा,
एक चहाने नुसता हात लावून सोडलेला.
तिनं खडूवर बोट ठेवलं.
"याच्या पुढचा नाही?"
आहे. हल्ली याच्याही पुढचा मिळतो.
तो घेऊन कुणीच जन्माला येत नाही,
म्हणून तोच जास्त खपतो.

न्हामबाई कोपऱ्यात पान जुळवत होत्या.
पट्टी पाहून तोंडावर हात धरून हसल्या.
"कुत्र्याचे दात! आमच्या वेळी एवढे पांढरे
कुत्र्याचे असत, नाहीतर भुताचे."
मग हात काढला.

सीताफळ फोडल्यावर
गरातून निसटलेली पहिली ओली बी आठवा.
तशा एकवीस, ओळीनं,
ब्याण्णव वर्षांच्या तोंडात.
मी आरसा घालून मागून पाहिलं, सळईनं टोकरलं.
कीड नाही.
कॉलेजच्या पाच वर्षांत
हे तोंड एकाही चित्रात नव्हतं.

तेराव्या वर्षी, त्या सांगू लागल्या
(माझी बोटं त्यांच्या तोंडात, निम्मं मी अंदाजानं ऐकलं),
लाख कुटायची, लिंबात भिजवायची,
केळीच्या पानाच्या पट्टीवर थापून रात्रभर दातांना बांधायची.
सात रात्री. मग हिराकस.
मग करवंटी जाळून निघालेलं काळं तेल.
ओठ वांग्यासारखे सुजलेले.
भात गार, न चावता गिळायचा.
"आणि हसायचं नाही. ओलं असताना हसलं की सगळं वाया."
शेवटी आईनं आरसा धरला,
आणि विहिरीवर पोरं वळून बघायला लागली.

एक नणंद होती, होआन.
तिला हनोईत कापडाच्या दुकानात काम लागलं.
मालक म्हणाला, काळ्या दातांनी गिऱ्हाईक बिचकतं.
तिनं दात खरवडून घेतले.
सणाला घरी आली तर सासू दारातच म्हणाली,
ही कोण नागडी आली?
"मीपण हसले होते तेव्हा," न्हामबाई म्हणाल्या,
आणि पुढे काही बोलल्या नाहीत.
मी कापसाचा बोळा बदलला.

"दुखतं कुठे?"
दुखत नव्हतं. त्यांनी वरचा ओठ उचलला.
डाव्या सुळ्यावरचा रंग झिजून
कणीएवढं पांढरं डोकावत होतं.
"लग्नात फोटो काढतील. एवढा डाग घालव."

सोळा छटा मी पुन्हा चाळल्या, उगाच.
शेवटी कवळ्या रंगवायची पेटी काढली.
दाढेच्या खाचा खऱ्या वाटाव्यात म्हणून
तिच्यात एक गडद तपकिरी असतो.
त्यात थेंबभर काळा. तीन थर. निळा दिवा.
दिवा धरायला क्विन्ह उभी राहिली.
मग दोघींनी जागा बदलल्या.

सूचनांचा छापील कागद माझ्याकडे एकच प्रकारचा:
अठ्ठेचाळीस तास चहा नको, कॉफी नको,
दातांना रंग लागेल असं काहीच नको.
न्हामबाईंना वाचून दाखवताना
तिसऱ्या ओळीवर मी अडखळले.

पावतीवर उपचाराचं नाव लिहावं लागतं.
क्विन्हचं लिहिलं: डाग काढणे, दात सोळा.
दुसरी पावती समोर घेऊन जरा वेळ बसले,
मग तेच लिहिलं. डाग काढणे. दात एक.

खाली सायकलवाला कुणाच्या तरी पिचकारीवर ओरडत होता
आणि जिन्यात पणजी पणतीला दटावत होती,
"हसू नकोस एवढ्यात. ओलं आहे."